चाल कोणाची, गाणे कोणाचे?

गोव्यात लग्नाचा मांडव असो, चर्चचे फेस्त असो किंवा जत्रेच्या रात्री नाटक उभे राहण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावर लावलेल्या ध्वनिमुद्रिका असोत, ‘बेबदो’ किंवा ‘नाचोंया कुंपासार’ यांपैकी एखादे गाणे सुरू झाले की ऐकणाऱ्यांत हटकून दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हे गाणे ख्रिस पेरीचे. चाल त्याची, वाद्यमेळ त्याचा, बहुतेक ठिकाणी शब्दही त्याचेच, मग गाणारी व्यक्ती कोण याला महत्त्व किती द्यायचे? दुसरा पक्ष तितक्याच आवेशाने उत्तर देतो, चाली पुष्कळांनी बांधल्या, पण लोर्नाचा गळा एकच. तो काढून घ्या आणि मग पेरीची गाणी किती लोकांच्या ओठांवर राहतात ते पाहा. वाद येथे थांबत नाही. लवकरच तो कलेवरून स्वभावावर घसरतो. पेरी गर्विष्ठ होता, हुकमी होता, असे एकजण म्हणतो. हुकमतीशिवाय वाद्यवृंद चालत नाही, असे दुसरा बजावतो. आणि गाणे संपले तरी वादाचा निकाल लागत नाही.

रसिकांचे असे वाद निरर्थक मानून सोडून देण्याची आपल्या समीक्षकांना सवय आहे. ती सवय बरी नव्हे. ज्या गाण्याविषयी लोक अर्धशतकानंतरही तावातावाने भांडतात, त्या गाण्यात भांडण्याजोगे काही तरी असलेच पाहिजे. शिवाय या वादामागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. अनेकांनी मिळून केलेल्या कलाकृतीचा कर्ता कोण? आणि कर्तेपणाचा अभिमान कोणत्या मर्यादेपर्यंत गुण असतो व कोठून पुढे अन्याय होतो? संगीत नाटकांवर पोसलेल्या मराठी वाचकाला हे प्रश्न परके वाटण्याचे कारण नाही.

प्रथम ज्ञात गोष्टी सांगतो. ख्रिस पेरी यांचे मूळ नाव ख्रिस्तोफर परेरा. ते 1928 साली मडगावच्या बोर्डा भागात जन्मले आणि 2002 साली वारले. ट्रंपेट व सॅक्सोफोन ही त्यांची वाद्ये. त्यांतही ट्रंपेटने त्यांना नाव दिले. मुंबईच्या हॉटेलांत व क्लबांत गोमंतकीय वादकांचे वाद्यवृंद रोज रात्री वाजत त्या काळात त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. लोर्ना कोर्देरो या त्याच मुंबईत वाढलेल्या गायिका. जॅझ आणि इंग्रजी गीतांच्या गायनातून त्या पेरींच्या वाद्यवृंदात आल्या. साठीच्या उत्तरार्धात व सत्तरीच्या आरंभी या दोघांनी मिळून जी कोंकणी गाणी ध्वनिमुद्रित केली, ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘तुजो मोग’, ‘लिस्बोआ’, ‘नाचोंया कुंपासार’, त्यांनी कोंकणी गीताचा चेहरामोहराच पालटला. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. लोर्ना दीर्घकाळ गाण्यापासून दूर राहिल्या आणि 1995 साली संगीतकार रॉनी मोन्सेरात यांच्या साहाय्याने पुन्हा रंगमंचावर आल्या. दोघांच्या खाजगी जीवनाविषयी पुष्कळ बोलले जाते. समीक्षेने त्या दालनात पाऊल टाकू नये; तिला गाणी पुरेशी आहेत.

आता ज्यांना हा वाद केवळ नाचगाण्याच्या दुनियेतला वाटतो त्यांनी आपल्या रंगभूमीकडे दृष्टी टाकावी. 8 जुलै 1921 या दिवशी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्या रात्री कोणी कोणावर मात केली, हा वाद पुढे दोन पिढ्या पुरला. परंतु त्या वादात एका माणसाचे नाव क्वचितच निघत असे, आणि ते म्हणजे गोविंदराव टेंबे यांचे. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला चाली दिल्या त्या टेंब्यांनी. दोन्ही नटांनी आपापल्या गळ्याने जे वैभव उभे केले त्याचा पाया त्यांचा होता. तरीही रसिकांच्या तोंडी पद असे ते ‘बालगंधर्वांचे’ किंवा ‘केशवरावांचे’. तीच गोष्ट बळवंत संगीत मंडळीची. ‘रणदुंदुभि’च्या चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या, पण ऐकणाऱ्याच्या मनात त्या दीनानाथ मंगेशकरांच्या आक्रमक, झेपावणाऱ्या तानेसह कायमच्या ठसल्या. वझेबुवा हे स्वतः थोर गवई. त्यांना कोणी विसरले असे नव्हे. पण पदाचा धनी कोण म्हणाल तर लोकांनी गाणाऱ्याच्याच नावाने शिक्का मारला.

असे का व्हावे? कारण उघड आहे. आपल्या संगीतात चाल म्हणजे आराखडा. गाणारा तो आराखडा हाती घेतो व प्रत्येक प्रयोगात त्यावर नवी इमारत चढवतो. आलाप त्याचा, तान त्याची, समेवर येण्याची ऐट त्याची. चीज शेदीडशे वर्षांपूर्वीची असली तरी आज गायला बसलेला कलावंत तिचा निर्माता असतो. या संस्कारात वाढलेला श्रोता स्वाभाविकपणेच गळ्याला मानतो. ज्याने मूळ चाल दिली त्याला तो नमस्कार करतो, पण टाळी देतो ती गाणाऱ्याला.

उलट पेरी ज्या परंपरेतून आले तिचा न्याय निराळा. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश व सासष्टीत, चर्चच्या आश्रयाने पारोकियाल शाळा चालत. तेथे मेस्त मुलांना सोल्फेज शिकवी, व्हायोलिन हाती देई, आणि दहाबारा वर्षांचे पोर कागदावरील स्वर वाचून वाजवू लागे. गोमंतकातून पोलिसांच्या बँडांत, संस्थानिकांच्या वाद्यवृंदांत, मूकपटांच्या चित्रगृहांत आणि पुढे मुंबईच्या चित्रपट-संगीतात जे शेकडो वादक गेले, त्यांची ही शाळा. या परंपरेत संगीत आधी लिहिले जाते, मग वाजते. कोणत्या मात्रेला ट्रंपेट उठायचा, कोठे सॅक्सोफोनने मागे सरायचे, गायिकेने ओळ कोठे सोडायची, हे सर्व कागदावर ठरलेले असते. ज्याने कागद लिहिला तो कर्ता. इतरांनी तो कागद निष्ठेने वठवायचा.

नार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की थोड्याच वेळात दिवाडीला उतरता येते. अलीकडचा तीर डिचोली तालुक्याचा, नव्या काबिजादीचा. पलीकडचा जुन्या काबिजादीचा. सप्तकोटेश्वर मूळचा त्या पलीकडच्या तीरावरचा. धर्मच्छळाच्या काळात तो अलीकडे आला आणि 1668 साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. देव नदी उतरून आला, पण दोन तीरांवरचे कान वेगळेच घडत राहिले. अलीकडे देवळातले भजन, घुमट-शामेळाची सुवारी, जत्रेतले मराठी नाटक. पलीकडे लादाइन, मांडो, व्हायोलिन आणि बोंदेरांच्या दिवशी वाजणारा ब्रासबँड. म्हणून मला असे वाटते की ‘पेरी की लोर्ना’ हा वाद वरवर दोन कलावंतांचा असला, तरी खोलवर तो श्रवणाच्या दोन सवयींचा आहे. गळ्याला मानणारा कान लोर्नाच्या बाजूने साक्ष देतो. कागदाला मानणारा कान पेरीच्या. दोघेही प्रामाणिक आहेत आणि दोघेही अर्धेच ऐकत आहेत. अर्थात सवयींची ही वाटणी जातिधर्माच्या वाटणीशी तंतोतंत जुळते असे मात्र कोणी समजू नये. सासष्टीत लोर्नावर जीव टाकणारे श्रोते हजारोंनी आहेत आणि डिचोलीत पेरीच्या ट्रंपेटला मान डोलावणारे तबलजीही आहेत.

आता गुणांचा विचार करू. पेरींच्या आधी कोंकणी गीताचे मुख्य प्रवाह ठळक होते. घराच्या दिवाणखान्यातला मांडो व त्यामागून येणारे दुलपद. देवळातील व देवघरातील भक्तिगीते. आणि तियात्रातील कांतार. तियात्राच्या कांतारात गाणाराच बहुधा कवी व संगीतकार असे. आल्फ्रेड रोज यांच्यासारखा कलावंत स्वतः लिही, स्वतः चाल बांधी आणि स्वतः गाई. तेथे कर्तेपणाचा तंटा उद्भवण्यास जागाच नव्हती. पेरींनी या प्रवाहांत मुंबईच्या रात्रीचा नाद आणून सोडला. चा-चा-चा, ट्विस्ट, बोसा नोव्हा हे नाचाचे ठेके हॉटेलांत इंग्रजी शब्दांबरोबर वाजत होते. त्या ठेक्यांत कोंकणी शब्द बसतील, आणि बसतीलच नव्हे तर खुलतील, हे त्यांनी ओळखले.

ही ओळख साधी नव्हती. कोंकणीत पुष्कळशा नामांच्या व विशेषणांच्या शेवटी ओकार येतो. ‘बेबदो’, ‘पिसो’ या शब्दांत पहिल्या अक्षरावर आघात पडतो आणि शेवटचा ओकार मोकळा राहतो. आघाताला ढोल धरतो, मोकळ्या ओकारावर गळा थांबतो, आणि तो थांबला की ट्रंपेट त्याला उत्तर देतो. भाषेच्या घडणीतच दडलेली ही लय पेरींच्या कानाने टिपली. म्हणून त्यांच्या गाण्यांत परदेशी ठेक्याला कोंकणी शब्दांचे ठिगळ लावल्यासारखे वाटत नाही. शब्दाच्या पोटातूनच ठेका निघाला असे वाटते. शिवाय विषयांची निवड पाहा. दारूडा, वेडा, दैवाला दोष देणारा माणूस, दूरदेशी जाणारा प्रवासी, ही सारी आपल्या वाड्यावरची माणसे. क्लबातल्या झगमगाटाला त्यांनी वाड्यावरच्या माणसांच्या हाती दिले. नुसती नक्कल करणाऱ्याला हे जमत नाही. याला प्रतिभाच म्हटले पाहिजे.

लोर्ना यांच्या बाजूला येऊन पाहिले तर निराळेच ऐश्वर्य दिसते. त्या काळी चित्रपटगीतांनी व भावगीतांनी स्त्रीच्या आवाजाचा जो आदर्श रूढ केला होता तो उंच, बारीक आणि कोवळा होता. लोर्ना यांचा आवाज या आदर्शाच्या सर्वस्वी विरुद्ध. तो छातीतून येतो, खालच्या सप्तकात भरदार राहतो, आणि वर चढताना त्याला जी किंचित खर येते ती लपवण्याचा प्रयत्न त्या करीत नाहीत. त्या ओळ लयीच्या काटेकोर ठिकाणी टाकीत नाहीत. अंमळ मागे रेंगाळतात आणि मग शेवटच्या शब्दात लयीला गाठतात. हे कसब कागदावर लिहिता येत नाही. पेरींनी स्वर लिहिला असेल, पण त्या स्वराकडे उशिरा येण्याची ही धिटाई गायिकेची आहे. ‘बेबदो’ ऐकताना दारूड्याला हिणवणारी, त्याच्यावर चिडणारी आणि तरीही त्याला ओळखणारी जी बाई आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, ती स्वरलिपीत कोठे आहे? ती लोर्नाच्या गळ्यात आहे. दुसऱ्या कोणी तेच स्वर अचूक गायिले तरी ती बाई हजर होईलच असे नाही. आजचे पुष्कळसे वाद्यवृंद ही गाणी गातात तेव्हा याचा रोकडा अनुभव येतो.

येथवर दोन्ही पक्षांचे म्हणणे मान्य करून झाले. आता अहंकाराचा प्रश्न. पेरी शिस्तीला कठोर आणि आपल्या नावाविषयी जागरूक, अशी त्यांची ख्याती होती. हा दोष मानावा काय? उत्तर देण्यापूर्वी त्या काळातील इतर गोमंतकीय वादकांच्या नशिबाकडे पाहावे लागेल. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंद रचणारे सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, आणि चिक चॉकलेट या नावाने गाजलेले हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, या मंडळींनी हिंदी चित्रपट-संगीताला वाद्यवृंदाचे शरीर दिले. संगीतकार धून गुणगुणे. तिच्याभोवती व्हायोलिनांचे, ट्रंपेटांचे, चेलोंचे संपूर्ण विश्व रचून कागदावर उतरवण्याचे काम यांचे. आणि नाव? ते श्रेयनामावलीत ‘साहाय्यक’ म्हणून आले तर आले. कित्येकदा तेही नाही. गोन्साल्विस यांनी 1958 साली राग-संगीतावर आधारलेले सिंफनी वाद्यवृंदाचे प्रयोग मुंबईत केले, प्यारेलाल शर्मांसारखे शिष्य घडविले. तथापि सर्वसामान्य जनांना त्यांचे नाव कळले ते 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका विनोदी गाण्यामुळे, आणि तेही एका पात्राचे नाव म्हणून. शिष्याने गुरूला वाहिलेले ते फूल होते हे कित्येकांना आजही ठाऊक नाही.

या पार्श्वभूमीवर पेरींचा अभिमान तपासला म्हणजे त्याचा रंग बदलतो. ज्या पिढीच्या वादकांनी इतरांच्या नावाखाली आपले आयुष्य वेचले, त्या पिढीतला एक माणूस म्हणतो, माझ्या गाण्यावर माझे नाव लागेल, ते माझ्या भाषेत असेल, आणि वाद्यवृंद माझ्या नावाने ओळखला जाईल. याला केवळ गर्व म्हणणे अन्यायाचे होईल. ही आपल्या समाजाच्या बुडालेल्या श्रेयाची वसुली होती. ज्याला असा अभिमान नव्हता त्याचे काय झाले हे आपण नुकतेच पाहिले.

परंतु येथेच एक भेद केला पाहिजे, आणि पेरींचे भक्त तो करीत नाहीत. केसरबाई केरकर यांचे उदाहरण घ्या. फोंड्याच्या केरी गावच्या या गायिकेने अल्लादिया खाँसाहेबांकडून विद्या घेतली आणि ती इतक्या निग्रहाने जपली की त्यांच्या मानीपणाच्या कथा आजही सांगितल्या जातात. ध्वनिमुद्रणाविषयी त्या नाखूश, शिष्य पत्करण्याविषयी अतिशय कृपण. धोंडूताई कुलकर्णी यांच्यासारखी एखादीच त्यांच्यापर्यंत पोचली. 1977 साली अंतराळात गेलेल्या ‘व्हॉयेजर’ यानांवरील तबकडीत त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. त्यांच्या मानीपणाने रसिकांचे नुकसान झाले असे कोणी म्हणेल. ते खरेही असेल. पण तो मानीपणा त्यांच्या स्वतःच्या गळ्यापुरता होता. आपली वस्तू द्यावी की न द्यावी हा त्यांचा अधिकार होता.

वाद्यवृंदाच्या नायकाची गोष्ट तशी नाही. त्याची कला दुसऱ्याच्या श्वासातून प्रगट होते. ट्रंपेट त्याचा असतो, पण गळा दुसऱ्याचा. चाल त्याची असते, पण ती ढोलवाल्याच्या मनगटावाचून उभी राहत नाही. आपल्या रचनेविषयी अभिमान धरणे हा त्याचा हक्क आहे. परंतु ज्या क्षणी तो अभिमान दुसऱ्याच्या गुणावर मालकी सांगू लागतो त्या क्षणी तो कलावंताचा अभिमान राहत नाही, धन्याचा होतो. नाटक मंडळ्यांच्या मालकांतही ही वृत्ती होती, चित्रपटसंस्थांतही होती, आणि आजच्या ध्वनिमुद्रण-व्यवसायातही ती पुरेपूर आहे. शिस्त आणि मालकी यांच्यातली रेघ बारीक असते. पण ती असते. ‘मी तुला घडविले’ असे म्हणणारा नायक आणि ‘आपण मिळून घडलो’ असे म्हणणारा नायक या दोघांच्या तालमीत कदाचित काही फरक दिसणार नाही. तालीम संपल्यावर मात्र फार मोठा फरक दिसतो.

मग सर्जक प्रभाव कोणाचा अधिक? रसिक या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी एक युक्ती योजतात: दोघे वेगळे झाल्यावर कोणी काय केले ते पाहा. युक्ती वाजवी आहे, म्हणून ती लावून पाहू. पेरींनी 1977 साली ‘भुंयारांतलो मनीस’ या कोंकणी चित्रपटाला संगीत दिले. तेव्हा लोर्ना दूर झाल्यावर त्यांची लेखणी सुकली असे म्हणता येत नाही. उलट 1995 साली लोर्ना परतल्या तेव्हा चाली मोन्सेरात यांच्या होत्या, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. तेव्हा पेरीवाचून लोर्ना नाही हेही म्हणता येत नाही. म्हणजे दोघेही एकमेकांवाचून उभे राहू शकत होते. तथापि आपल्या स्मरणात जी गाणी घर करून बसली आहेत ती दोघांनी मिळून केलेलीच आहेत. पुनरागमनाच्या कार्यक्रमांतही श्रोत्यांनी मोठ्याने मागणी केली ती जुन्याच गाण्यांची. युक्तीने निकाल लागला तो असा की, एकाला उणे करून दुसऱ्याचे मोल काढण्याचे हे गणितच चुकीचे आहे. चुन्यावाचून कात आणि कातावाचून चुना दोन्ही असतात. पण विडा रंगतो तो दोन्ही एकत्र आल्यावर, आणि तो रंग कोणाचा असे कोणी विचारीत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्याकडेच आहे. शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांनी 1984 पासून ‘गोवन क्रेझी’, ‘ओल्ड गोवन गोल्ड’, ‘पॅक दॅट स्मॅक’ असे ध्वनिफितींचे संच काढले ते घरच्या घरी. गीत त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा. गिटार, बासरी, ढोल बहुतांशी त्यांचेच, आणि एकावर एक थर चढवून केलेले मुद्रणही त्यांचेच. दुकानोदुकानी फिती पोचविण्याचे कामही प्रारंभी त्यांनी स्वतःच केले. रॉक संगीतातला हा एकांडा शिलेदार. येथे श्रेयाचा तंटा नाही, कोणाच्या गळ्यावर कोणाची मालकी नाही. अभिमान असलाच तर तो आपल्याच कामगिरीचा, आणि म्हणून निर्मळ. पण किंमत मोजावी लागतेच. एकट्याच्या संगीतात दुसऱ्याचा विरोध नसतो. लोर्ना ओळीवर उशिरा येतात तेव्हा ट्रंपेटशी त्यांची जी ओढाताण होते, जो किंचितसा संघर्ष ऐकू येतो, तो एकाच माणसाने सर्व वाद्ये वाजविली तर कोठून येणार? रेमोंनी पुष्कळ सुंदर संगीत निर्माण केले. तरी ज्या ताणामुळे ‘बेबदो’ जिवंत राहते तो ताण दोन हट्टी माणसांवाचून होत नाही. अहंकाराविषयी बोलताना हेही ध्यानात ठेवावे की पेरी-लोर्नांच्या गाण्यात एक अहंकार नाही, दोन आहेत. गायिकेलाही आपल्या गळ्याचा अभिमान होता, आणि ती शरण गेली नाही म्हणूनच गाणे उभे राहिले.

बार्द्रॉय बार्रेतो यांच्या ‘नाचोंया कुंपासार’ या चित्रपटाने हा जुना वाद नव्या पिढीच्या हाती दिला. त्यात लॉरेन्स व डोना अशी कल्पित नावे घेऊन एका वाद्यवृंदनायकाची व त्याच्या गायिकेची शोकांतिका उभी केली आहे आणि त्या काळची गाणीच कथेचा कणा झाली आहेत. बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला. चित्रपट सुंदर आहे. पालोमी घोष यांची डोना विसरता येत नाही. पण तो पाहून आलेले पुष्कळजण पेरींविषयी निकाल देऊ लागले, यात त्यांची गल्लत झाली आहे. शोकांतिकेला एक बळी लागतो व एक बळी घेणारा लागतो; जीवनाला तशी सक्ती नसते. कल्पित पात्राच्या अपराधासाठी खऱ्या माणसाला शिक्षा ठोठावणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे. त्याचप्रमाणे खऱ्या माणसाचे अपराध त्याच्या चालींच्या गोडव्याने धुऊन काढणे हेही नव्हे. माणसाचा हिशेब माणसाच्या खात्यावर राहू द्यावा आणि गाण्याचा गाण्याच्या.

शेवटी एका तिसऱ्या पक्षाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण तो पक्ष कधी बोलत नाही. ‘पेरी की लोर्ना’ असे आपण विचारतो तेव्हा मागे बसलेले सॅक्सोफोनवाले, पियानोवाला, बासवाला, ढोलवाला हे सर्व आपोआप वादाबाहेर पडतात. ते पारोकियाल शाळांतून शिकलेले, कागद वाचता येणारे, पोटासाठी रात्री क्लबात व दिवसा चित्रपटांच्या मुद्रणालयांत वाजविणारे कारागीर होते. पेरींनी लिहिलेला प्रत्येक स्वर त्यांच्या ओठांतून व बोटांतून गेला. कित्येक गाण्यांच्या बाबतीत त्यांची नावे ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर नाहीत. पेरींनी स्वतःसाठी जे श्रेय मागितले व मिळविले, तेच श्रेय त्यांच्या वाद्यवृंदातील माणसांना मिळाले काय? पेरींच्या अभिमानाची खरी परीक्षा मला येथे दिसते. ज्या अन्यायाविरुद्ध आपण उठलो तो आपल्या हाताखालच्यांवर होऊ न देणे, हेच अभिमानाला शोभते. या कसोटीला वाद्यवृंदाचे नायकच काय, संगीत नाटक मंडळ्यांचे मालक आणि चित्रपटांचे संगीतकारही क्वचितच उतरले.

म्हणून रसिकांनी भांडावे, अवश्य भांडावे. पण भांडणाचा विषय थोडा पुढे न्यावा. आजही गोव्यातले वाद्यवृंद फेस्तांत व लग्नांत ही गाणी गातात. निवेदक ‘आता ऐका लोर्नाचे गाणे’ असे सांगून मोकळा होतो. त्याने ‘रचना ख्रिस पेरी, गायन लोर्ना’ एवढे म्हटले तरी अर्धे ऋण फिटेल. उरलेल्या अर्ध्यासाठी कष्ट घ्यावे लागतील. ज्यांनी त्या वाद्यवृंदांत वाजविले त्यांच्या कुटुंबांकडे जुनी स्वरपत्रे, छायाचित्रे, करारांचे कागद असतील. ती गोळा करून, कोणत्या गाण्यात कोणी काय वाजविले याची नोंद करून ठेवणे हे पणजीच्या किंवा मडगावच्या एखाद्या संस्थेला अशक्य नाही. संगीत नाटकांच्या बाबतीत आपण हे काम उशिरा केले, आणि कित्येक ऑर्गनवादकांची व तबलजींची नावे तोवर लोकांच्या आठवणीबरोबरच गेली. कोंकणी गीतांच्या बाबतीत अजून वेळ आहे, पण फार नाही. त्या पिढीतले वादक वर्षागणिक कमी होत आहेत.

पेरींचा ट्रंपेट आणि लोर्नांचा गळा यांच्यात निवड करण्याची आपल्यावर कोणी सक्ती केलेली नाही. गाण्याच्या सुरुवातीला पितळी वाद्यांचा जो हुंकार येतो तो कान देऊन ऐकावा. गायिका ओळीवर किती उशिरा येते ते मोजावे. आणि तेवढ्यात मागचा ढोलवाला काय करतो तिकडेही लक्ष असावे. नार्वेचा कान आणि दिवाडीचा कान एकाच वेळी उघडा ठेवणे, हे रसिकाला अवघड असले तरी अशक्य नाही. ते साधल्यावर गाणे कोणाचे हा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर देताना एकाऐवजी पाचसहा नावे तोंडी यावीत, आणि त्यांपैकी एकही नाव घेताना दुसरे खाली ओढावे लागू नये.